त्वरित प्रसिद्धीसाठी

वर उजवीकडे तारीख. त्याखाली: नेरुळ.
मग दोन ओळी सोडून मथळा,
तो मी शेवटी लिहितो,
कारण मथळ्यावरूनच प्राचार्यांचं आणि माझं वाजतं.

हर्षला तांडेल, एम.एस्सी. भाग दोन,
समोरच्या खुर्चीच्या टोकावर बसली आहे,
मांडीवर एकशे चाळीस पानं,
स्पायरलची एक कडी सुटलेली.
"तीनशे शब्दांत बसवायचंय," मी म्हणतो.
"निवट्यांची बिळंच चारशे अकरा आहेत, सर."

दिवाळ्याच्या खाडीत, ओहोटीला,
मीटरभर लांब मीटरभर रुंद पाइपची चौकट टाकून
तिनं चिखल मोजला आहे.
दीड वर्ष.
गौरीला सुट्टी नाही, भावाच्या हळदीलाही नाही,
हळदीच्या दिवशी ओहोटी नेमकी दुपारची होती.
निवटा कुठे बीळ करतो, कुठे करत नाही,
आणि का करत नाही, तिथे तिनं लिहिलंय:
कदाचित.

मी "कदाचित" खोडतो.
बातमीत कदाचित चालत नाही.
ती पेनाकडे बघत राहते.
"त्या एका शब्दासाठी मी आणखी चार महिने उतरले होते," म्हणते,
आवाज न चढवता,
जसं कुणी बसचं सुटं परत मागतं.

मी परत लिहितो.
प्राचार्य परत खोडतात.
त्यांना हवंय: खाडीकन्येची गगनभरारी.
मी विचारतो, सर, खाडीत गगन कुठून आलं?
ते म्हणतात, ओहोटीनंतर डबक्यांत दिसतं की,
आणि स्वतःवरच खूश होऊन चहा मागवतात.
खरं सांगायचं तर
त्या दिवसातलं तेवढंच वाक्य मला आवडलं.

पान तीनवर ऋणनिर्देश आहे.
मार्गदर्शक, ग्रंथपाल, प्रयोगशाळेतले गुंजाळकाका,
आणि सगळ्यांत खाली:
आईला, जिनं मी चौकट टाकायच्या आधी
पाय टाकून दाखवला.

माझ्या नोकरीत ऋणनिर्देशाला जागा नाही.
संस्थेच्या अध्यक्षांना आहे, दोनदा,
एकदा अभिनंदन करताना
आणि एकदा मोलाचं सहकार्य करताना.
तरी मी ती ओळ दुसऱ्या परिच्छेदात घुसवली,
कुणी बघायच्या आत पाठवूनही दिली.
डेस्कवरून फोन आला:
युनिकोड उघडत नाही, जुन्या फाँटात पाठवा.
पाठवलं. निवट्यातला ट्या फुटला.
पुन्हा पाठवलं. आता सगळ्या वेलांट्या भलत्याच अक्षरांवर.

शनिवारी छापून आलं. पान पाच,
पाणीकपातीच्या निवेदनाखाली, त्रेचाळीस शब्द.
हर्षलाची हर्षदा झाली.
अध्यक्ष मात्र पूर्ण नावानिशी.
फोटो कुठल्या तरी चांदीसारख्या माशाचा.
आईची ओळ नाही. कदाचित नाही.
मी ते कापून ठेवलं नाही, पण टाकलंही नाही,
ड्रॉवरमध्ये स्टेपलरखाली आहे.

तिच्या आईनं मात्र कात्रण घरी लावलंय म्हणे,
फोटोवर पेनानं फुली मारून.
"वाचता येत नाय मना," त्या बाई जेट्टीवर मला म्हणाल्या,
"पन यो बोयट हाय, निवटा नाय.
पेपरवाल्यांना मासा वलखता येत नाय का?"

मी काही तरी बोललो. चूक दुरुस्त करू, वगैरे.
त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं.
पाणी मागे सरलं होतं, तिवरांची मुळं उघडी,
चिखलावर बोटाएवढे जीव उड्या मारत होते,
डोळे डोक्याच्या वर, जणू सगळ्यांचं लक्ष आपल्याकडेच.
"काडा ते," बाई म्हणाल्या. "आंगठा आदी टाका."

बूट काढले. मोजे बुटांत कोंबले.
हर्षला वहीत वेळ लिहीत होती, अकरा वीस.
आधी घोट्यापर्यंत गार लागलं,
मग पोटरीपर्यंत ऊन.
आणखी किती जाईल, मी विचारलं.
दोघींपैकी कुणीच सांगितलं नाही.